पोरगा पोकलेनच्या कारखान्यात जातो म्हणतोय, जाऊ द्यावं का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या विभागात असते, इकडे पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

धाकट्याचा मेकॅनिकलचा डिप्लोमा यंदा झाला. हातात दोन गोष्टी आहेत. एक, चाकणला पोकलेन आणि लोडर बनवणाऱ्या कंपनीत ट्रेनी म्हणून बोलावणं आलंय. दुसरं, थोरल्या दिरांच्या ओळखीतून पुण्यातच सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स आणि नंतर (म्हणे) एसीतली नोकरी. पोरगा पहिल्यावर अडून बसलाय. हा सहावीत असताना आमच्या ओढ्यावर बंधाऱ्याचं काम निघालं होतं. आठ दिवस जेवायला हाक मारून मारून घसा बसला माझा, हा आपला त्या मशिनसमोर दगडावर बसलेला.

सासूबाई म्हणतात, एवढं शिकवून शेवटी ग्रीसच लावायचं का? मला तसं वाटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. दहा वर्षांनी हा कुठे असेल? तोच पाना फिरवत? पुढे डिग्री करता येते का? आणि आईचा प्रश्न आहे, हसू नका: हातपाय शाबूत राहतात ना?

रिंगपाना

ताई, याच क्षेत्रात २२ वर्षं झाली, त्यामुळे प्रतिसाद लांबेल.

आधी थोडं अवांतर. पोकलेन हे यंत्राचं नाव नाहीच. ती एक फ्रेंच कंपनी. तिची यंत्रं एल अँड टी आपल्याकडे बनवायची, म्हणून खोदणारं प्रत्येक यंत्र आपल्या तोंडी पोकलेन झालं. जेसीबीचंही तेच, जोसेफ सिरिल बॅमफर्ड या माणसाची ती आद्याक्षरं. १९४५ साली इंग्लंडात युटॉक्सिटर गावी एका भाड्याच्या गॅरेजात त्यानं युद्धातल्या भंगारापासून शेतीचा एक ट्रेलर बनवला आणि बाजारात ४५ पौंडांना विकला. त्यासाठी वापरलेलं जुनं वेल्डिंग मशिन त्यानं एका पौंडाला घेतलं होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण आजही या धंद्याचा पाया वेल्डिंगच आहे, आणि मला ते फार उशिरा कळलं.

२००३ साली मी डिग्री करून लागलो ते थेट डिझाइनला. संगणकासमोर, एसीत. पहिल्याच वर्षी मला बूमच्या आतल्या एका रिबचं काम दिलं. बूम म्हणजे पोकलेनचा तो मोठा वाकडा हात. बाहेरून भरीव दिसतो, आतून पोकळ पेटी असते, जाड प्लेटा वेल्ड करून बनवलेली. आत ताकदीसाठी आडव्या पट्ट्या घालतात, त्या रिब. मी स्क्रीनवर सुंदर रिब काढली, स्ट्रेस तपासला, सगळं हिरवं आलं, साहेबांची सही झाली. पहिला नमुना बनायला गेला त्या दिवशी दुपारी फॅब्रिकेशनच्या मेस्त्रींचा फोन, खाली या. गेलो. त्यांनी वेल्डिंगची टॉर्च माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "साहेब, तुम्हीच घाला आत."

टॉर्च जातच नव्हती. दोन प्लेटांच्या मधे माझा हात मनगटापर्यंत गेला आणि अडकला. रिब जिथे वेल्ड करायची तिथपर्यंत जगातला कुठलाच वेल्डर पोहोचला नसता. शॉपमध्ये वीसएक माणसं होती, कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मॅनेजर शहाणा होता. त्यानं मला दीड महिना फॅब्रिकेशनलाच बसवलं. तिथे कळलं की वेल्ड सुरू कुठे करायचा आणि थांबवायचा कुठे, हासुद्धा डिझाइनचाच भाग आहे. वेल्ड जिथे थांबतो तिथे बारीक खड्डा राहतो. तो नेमका कोपऱ्यावर, ताण येतो तिथे आला की दोन-तीन हजार तासांनी तिथूनच तडा सुरू होतो. (या यंत्रांचं वय तासांत मोजतात. 'किती चालली?' याचं उत्तर 'साडेचार हजार' असतं, किलोमीटर कुणी विचारत नाही.) तडा दिसतो वेल्डच्या काठाला, केसासारखा, आणि रंग उडालेला असतो म्हणून गंजाची तांबडी रेघ उमटते. ती रेघ ओळखता येणारा माणूस कुठल्याही कंपनीत उपाशी राहत नाही.

तेव्हा सासूबाईंना सांगा, ग्रीस लावायलाच हवं. दोन वर्षं. जो थेट खुर्चीत बसतो त्याला आयुष्यभर खालून फोन येत राहतात.

दहा वर्षांनी कुठे, तर मी पाहिलेली डिप्लोमाची पोरं सांगतो. एक आज वेल्डिंग रोबोटचे प्रोग्रॅम लिहितो, पण आधी चार वर्षं हातानं वेल्ड केलंय, म्हणून त्याचा रोबोट चुकत नाही. एक सप्लायर क्वालिटीला आहे, म्हणजे बाहेरून येणाऱ्या सुट्या भागांचा दर्जा तपासतो, आठवड्यातले तीन दिवस शिरोली आणि कागलच्या फाउंड्र्यांमध्ये असतो. एक नोकरीत राहून डिग्री झाला आणि आता टेस्टिंग बघतो. आणि एकानं भोसरीत पिन आणि बुशचं (यंत्राच्या सांध्यांतले खिळे आणि त्यांच्या बांगड्या) स्वतःचं वर्कशॉप काढलं. आम्हा सगळ्यांपेक्षा त्याची गाडी मोठी आहे.

वऱ्हाडी_तडका

राजेहो, सगळे कारखान्याचंच सांगून राहिले. यंत्र बनते चाकणले, पण जगते कुठं? आमच्याकडं! मी नऊ वर्षं सर्व्हिस इंजिनिअर होतो. वणी, घुग्घुस, बल्लारपूरच्या कोळसा खाणी आणि मग समृद्धी महामार्ग.

ताई, त्या पोराले एक वर्ष तरी फिल्डवर धाडा. उन्हाळ्यात चंद्रपूरले पारा ४७ ला जाते, लोखंडाले हात लावला तर चामडी सोडते. पण तिथं जे शिकाले भेटते ते पुस्तकात नाही.

एक किस्सा. एका ठेकेदाराच्या मशिनचा होज, म्हणजे तेलाचा रबरी पाइप, फुटला. ऑपरेटरनं आमची वाट न पाहता स्वतःच नवा होज बसवला. उघडं तोंड कशानं पुसलं, तर गळ्यातल्या दुपट्ट्यानं. चौथ्या दिवशी मेन पंप गेला. पंप उघडला तर पिस्टनवर नखानं ओरबाडल्यासारख्या रेघा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तेल इकडंतिकडं वळवणाऱ्या व्हॉल्व्हच्या आत स्पूल, म्हणजे एक गुळगुळीत दांडा, सरकते ती फट त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे डोळ्यानं दिसत नाही तो कचराच लाखोंचं नुकसान करते. कोळशाच्या धुळीत उभं राहून हे पाहिलं की मग कळते, कारखान्यातल्या असेंब्ली लाईनवर प्रत्येक पाइपाच्या तोंडाले प्लॅस्टिकचं टोपण काऊन लावतात.

आणि हे तर तुमच्या पोराले आजच सांगून ठेवा. हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे यंत्राचा हात हलवणाऱ्या तेलात, प्रेशर साडेतीनशे बारपर्यंत असते. कारच्या टायरात दोन-सव्वादोन. होजले सुईएवढं भोक पडलं तर तेलाची धार दिसत बी नाही. ती शोधाले हात फिरवाचा नाही, कधीच नाही. तेल कातडीतून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसते, दुखत बी नाही फार, माणूस म्हणते जाऊ दे. पण तो हात वाचवाचा तर त्याच दिवशी ऑपरेशन लागते. लीक शोधाची तर पुठ्ठ्याचा तुकडा घ्यावा, दुरून फिरवावा.

एक्झिट_इंटरव्ह्यू

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून थोडं मीठ टाकतो.

मी या क्षेत्रात सहा वर्षं होतो, २०१३ च्या मंदीत बाहेर पडलो. नाव घेत नाही, पण आमच्या कंपनीत लाईन आठवड्यातून तीन दिवस चालायची आणि उरलेले दिवस आम्ही फरशी रंगवायचो. थट्टा नाही, पिवळे पट्टे मारायचो. हा धंदा सरकारच्या पैशावर नाचतो. रस्त्यांची टेंडरं निघाली की ओव्हरटाइम, बिलं थकली की सुट्टी. दरवर्षी पावसाळ्यात मागणी पडते ती वेगळीच. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवी कामं थांबतात, ठेकेदार मशिन घ्यायचं पुढे ढकलतो, आणि ती झळ शेवटी चाकणच्या खोलीत राहणाऱ्या पोराला लागते. मंदीत आधी जातात ती कंत्राटी पोरं. कायम झालेल्यांना धक्का शेवटी.

म्हणून ताई, करिअर वगैरे नंतर. आधी ऑफर लेटर हातात घ्या आणि बघा: कंपनीच्या रोलवर आहे की ठेकेदाराच्या? ट्रेनी किती वर्षं? नंतर काय, हे लेखी आहे का? बाँड आहे का? 'तोंडी सांगितलंय' याला शून्य किंमत.

आयटीत येऊन मी सुखी आहे का, हा प्रश्न कृपया विचारू नये.

कृष्णाकाठची

बाप रे, एवढे प्रतिसाद! वऱ्हाडी दादा, पुठ्ठ्याचं वाचून अंगावर काटा आला, पण बरं झालं लिहिलंत. त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं.

पत्र पाहिलं. कंपनीचंच आहे, 'डिप्लोमा ट्रेनी, दोन वर्षं, त्यानंतर कामगिरीनुसार' असं लिहिलंय. 'कामगिरीनुसार' म्हणजे काय समजायचं?

एक्झिट_इंटरव्ह्यू

म्हणजे त्यांना गरज असेल तर. पण कंपनीच्या रोलवर दोन वर्षं म्हणजे वाईट नाही. अनुभवाचा दाखला कंपनीच्या नावाचा मिळतो, पुढच्या दारात तोच चालतो. आधीच्या ट्रेनी बॅचमधली किती पोरं राहिली, हे तिथल्याच एखाद्या पोराला चहाच्या टपरीवर विचारा. एचआरला विचारू नका.

टॉर्क_रेंच

चाकणमध्येच असेंब्ली क्वालिटीला आहे, सात वर्षं झाली. हातापायांच्या प्रश्नाला मी उत्तर देते, कारण माझ्या आईनं अगदी हाच विचारला होता.

धोका आहे. नाही म्हटलं तर खोटं होईल. डोक्यावरून टनावारी वजनाच्या वस्तू क्रेनला लटकून जात असतात. पण मोठ्या कारखान्यातले नियम कडक असतात, आणि पहिल्याच दिवशी एक गोष्ट डोक्यात ठोकतात, लटकलेल्या वजनाखाली उभं राहायचं नाही, दोन सेकंदसुद्धा. दुसरी म्हणजे अंगठी, कडं, हातातला गंडा, गळ्यातली चेन, सगळं बाहेर. ताई, जेजुरीचा, नृसिंहवाडीचा जो काही दोरा बांधून पाठवणार असाल तो खिशात ठेवायला सांगा. अंगठीमुळे बोट गेलेला माणूस मी पाहिलाय, आधीच्या एका छोट्या वर्कशॉपात. अपघात जास्त अशाच ठिकाणी होतात, घाईत आणि गार्ड काढून ठेवलेल्या मशिनवर.

माझं काम काय? वरची कॅबिन आणि खालचा ट्रॅक यांच्यामध्ये एक मोठं गोल बेअरिंग असतं, ज्यावर अख्खं यंत्र गोल फिरतं. ते ओळीनं लावलेल्या जाड बोल्टांनी पक्कं होतं. प्रत्येक बोल्ट ठरलेल्या टॉर्कला (पिळायच्या जोराला), समोरासमोर, ठरलेल्या क्रमानं. आवळला की पिवळ्या मार्करनं बोल्ट आणि प्लेट मिळून एक सरळ रेघ मारायची. पुढे कधी बोल्ट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. एकदा रात्रपाळीत एका नव्या पोरानं सगळ्या रेघा आधी मारून ठेवल्या आणि मग आवळायला घेतलं, मधेच जेवणाची सुट्टी झाली. परत आल्यावर त्याला वाटलं झालंय सगळं. मी हात लावून पाहिला तर एक बोल्ट चक्क बोटांनी फिरला. यंत्र थांबवलं, सगळे बोल्ट परत काढले, डिस्पॅच एक दिवस लांबला. सुपरवायझर चिडले माझ्यावर! तिसऱ्या दिवशी त्याच सुपरवायझरनी ट्रेनिंगमध्ये तो किस्सा सांगितला, अर्थात माझं नाव न घेता. असो.

मुलींच्या पालकांसाठीही लिहून ठेवते: जेसीबीच्या जयपूरच्या कारखान्यात बायका वेल्डिंग करतात. मला लागताना 'ट्रॅकवर चढता येईल का' असं विचारलं होतं. आमच्या घरची आंब्याची झाडं बघायला बोलवायला हवं होतं त्यांना.

किर्लोस्करवाडी_लोकल

@रिंगपाना, अवांतरावर अवांतर: १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना मांडला तेव्हा आपल्याकडे लोखंडी नांगर घ्यायला शेतकरी तयार नव्हते, लोखंडानं जमीन नासते म्हणत. आणि आज आमच्याच गावात बैलजोडी भाड्यानं मिळत नाही, पण जेसीबी फोन केला की अर्ध्या तासात दारात.

डॅन्यूबकाठी

उशिरा वाचला धागा. मी जर्मनीत उल्मजवळ, मोबाइल क्रेनच्या बूमवर काम करते. वेल्डिंग इंजिनिअर, मूळची सातारची.

रिंगपाना यांच्या मेस्त्रींचा किस्सा वाचून हसले, कारण माझ्याबाबतीत तेच जर्मन भाषेत झालं. आमच्याकडे बूमला एस ९६० आणि एस ११०० प्रतीचं पोलाद वापरतात. आकडा म्हणजे साधारणपणे दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटनपर्यंत ते कायमचं वाकणार नाही, तो. आपल्याकडच्या नेहमीच्या स्ट्रक्चरल प्लेटा २५० किंवा ३५० च्या असतात. एवढ्या ताकदीचं पोलाद लाडावलेल्या पोरासारखं असतं. वेल्ड करताना उष्णता जास्त झाली तर मऊ पडतं, कमी पडली आणि पटकन गार झालं तर ठिसूळ होतं. मी आले ती पुस्तकातली समीकरणं घेऊन. इथल्या मायस्टरनी (म्हणजे आपले मेस्त्रीच) शांतपणे ऐकून घेतलं आणि तापमान मोजायचा खडू हातात दिला. हा खडू ठरलेल्या तापमानाला वितळतो. म्हणाले, आधी हे शीक, मग बोलू. त्यांच्याकडे पदवी नाही, पण मोठमोठे डॉक्टरेटवाले त्यांच्याशी अदबीनं बोलतात. हाताच्या कामाला इथे जो मान आहे, त्याचा मला अजूनही हेवा वाटतो.

परदेशाचं म्हणाल तर डिप्लोमानंतर लगेच एजंटाच्या नादी लागू नये. आधी भारतातच तीन-चार वर्षं हात बसू द्या, वेल्डिंग किंवा हायड्रॉलिक्स यातलं एक काहीतरी पक्कं करा, जर्मन भाषा बी-१ (मधल्या) पातळीपर्यंत न्या. भारतात राहूनही चांगलं शिकता येतं. तिरुचिरापल्लीला भेलची वेल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, तिथले कोर्स उद्योगात मानले जातात.

रिंगपाना

@कृष्णाकाठची, डिग्रीचं राहिलंच. डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, ते तर माहीत असेलच. पण नोकरी करत संध्याकाळी डिग्री करायची तर तीन शिफ्टच्या चक्रात जीव जातो, आमच्याकडच्या पोरांचं पाहिलंय. माझं मत, पहिली दोन वर्षं डिग्रीचं नाव काढू नये. नंतर कोणत्या बाजूला ओढा आहे ते बघून ठरवावं.

आणि ओढा फक्त लोखंडाकडेच असतो असं नाही. चाकांवर चालणाऱ्या यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून प्रदूषणाचा स्टेज चार नियम लागला, १ जानेवारी २०२५ पासून स्टेज पाच. आता एक्झॉस्टला फिल्टर, युरिया, सेन्सर, कंट्रोलर, वायरिंगचं जाळं. पूर्वी मशिन बंद पडलं की मेकॅनिक कान लावून ऐकायचा, आता आधी लॅपटॉप लावतो. ज्याला लॅपटॉपही येतो आणि कानही आहे असा माणूस शोधून सापडत नाही. त्यामुळे तो टेस्टिंगचा कोर्स अगदीच वाया जाईल असं नाही, रविवारी करू दे हवं तर.

चाकणच्या बाहेरही बघायची तयारी ठेवा. टाटा हिताची धारवाडला, कोमात्सु आणि कॅटरपिलर चेन्नईच्या आसपास, बीईएमएल कोलारला, काँक्रीट पंपवाली पुट्झमायस्टर गोव्यात वेर्ण्याला. धारवाड तर तुम्हाला पुण्यापेक्षा फार लांब नाही.

वऱ्हाडी_तडका

अन् फिल्डवर आला तर आमच्याकडं जेवाले या म्हणा. सावजी झेपते का ते विचारून ठेवा.

कृष्णाकाठची

मंडळी, पोरगा सोमवारी रुजू झाला. काल रात्री फोन आला. पहिला आठवडा नुसतंच सेफ्टीचं ट्रेनिंग, मग फॅब्रिकेशनला टाकणार म्हणाले. मी लगेच विचारलं, टॉर्च हातात दिली का? तर म्हणे आई तुला टॉर्च काय माहीत! सासूबाईंनी फोन हातातून घेऊन विचारलं, ग्रीस लावलं का रे? हा म्हणाला, अजून नाही आजी, त्याच्यासाठी परीक्षा आहे. तेव्हापासून त्या गप्प आहेत.

एक शेवटचा प्रश्न, कुणी हसू नका. बूट कंपनीनं दिलेत, पुढे लोखंडाची वाटी असलेले. त्याचे दोन्ही पाय सोललेत. काय करावं?

टॉर्क_रेंच

अजिबात हसत नाही, सगळ्यांचे सोलतात. बूट अर्धा नंबर मोठे बदलून मागायचे, स्टोअरवाले कुरकुर करतील, ऐकायचं नाही. आणि नायलॉनचे मोजे फेकून द्या. जाड सुती घ्या, एकदम डझनभर. चाकणच्या आठवडी बाजारात मिळतात.